भरणारी घटिका, न भरणारे घड्याळ

'घड्याळ' हा शब्द वर्गात समजावून देताना आम्ही विद्यार्थ्यांना त्यातील 'घट' दाखवितो. घट, घटी, घटिका, घडी, घड्याळ अशी ही शब्दांची ओळ पाण्याच्या काठावरून निघते. तळाशी बारीक भोक असलेले पात्र पाण्यावर सोडावयाचे. चोवीस मिनिटांत ते भरून बुडाले की एक घटका झाली. लग्नघरी मुहूर्तासाठी असे घटिकापात्र मांडण्याची चाल आपल्याकडे होती, आणि कोणाचा अंत जवळ आला की 'त्याची घटका भरली' असे आपण आजही म्हणतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका सर्वपरिचित आहे. पात्रात वाकून पाहताना मुलीच्या अंगावरील एक मोती आत पडला, भोक बुजले, पात्र बुडाले नाही आणि मुहूर्त टळला. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे; परंतु एक गोष्ट ती नेमकी सांगते. आपल्या पूर्वजांचे घड्याळ पाणी आत आल्यावाचून चालत नसे.

मनगटी घड्याळाची गोष्ट याच्या उलट आहे. पाण्याचा एक थेंब आत गेला की त्याची घटका भरली. आणि ज्या मोत्याने लीलावतीचे पात्र अडविले असे म्हणतात, तसे मोती समुद्रतळातून वर आणणाऱ्या पाणबुड्याला तर वेळ कळण्याची गरज इतर कोणाहूनही अधिक. कारण त्याचा वेळ श्वासाने मोजलेला असतो. या दोन गोष्टींचा मेळ घालण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात झाला. प्रस्तुत लेख त्या प्रयत्नाविषयी आहे.

लेखास निमित्त मात्र साधे आहे. गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्याने आपले पाणबुड्यांच्या धर्तीचे घड्याळ महिनाभर आमच्या हाती दिले. टायटॅनियम धातूचे, ३९ मिलिमीटर व्यासाचे, २०० मीटर खोलीची हमी असलेले. आमचे पोहणे विहिरीपुरते. ते घालून आम्ही फळ्यासमोर उभे राहिलो, एसटीच्या दांड्याला लोंबकळलो, उत्तरपत्रिका तपासल्या. एका जोखमीच्या कामासाठी घडलेली वस्तू त्या कामाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाच्या हातावर नेमके काय करते, हा प्रश्न या महिन्यात आम्हांस पडला. त्याचे उत्तर दुकानाच्या पत्रकात मिळणारे नव्हते. ते इतिहासातच शोधावे लागले.

घड्याळ पाण्यापासून राखण्याची खटपट जुनी असली तरी तिला नाव मिळाले ते १९२६ साली, रोलेक्सच्या 'ऑयस्टर' या घड्याळाने. ऑयस्टर म्हणजे कालव, घट्ट मिटलेला शिंपला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२७ मध्ये, मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्रज जलतरणपटू इंग्लिश खाडीत उतरली तेव्हा हे घड्याळ तिच्या गळ्यात होते. थंडगार पाण्यात दहा तासांहून अधिक झुंजल्यावर, दुसरा किनारा गाठण्यापूर्वीच तिला बाहेर काढावे लागले. घड्याळ मात्र चालू होते. पुढच्या महिन्यात लंडनच्या 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर घड्याळाच्या यशाची जाहिरात झळकली. पोहणारीची कहाणी अपुरी राहिली आणि तिच्या गळ्यातील वस्तूची पुरी झाली. या इतिहासात जाहिरात आरंभापासून मुक्कामाला आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

तरीही ग्लाइट्झच्या गळ्यातील घड्याळ पाण्यात टिकणारे होते. पाण्याखाली कामाचे नव्हते. हा भेद १९४३ नंतर स्पष्ट झाला. त्या वर्षी फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या नळकांड्यातून मागणीनुसार हवा पुरविणारे उपकरण सिद्ध केले. पाणबुड्या दोरीनळीतून मोकळा झाला; परंतु वर बसून त्याच्या हवेचा हिशेब ठेवणारा माणूसही त्याने गमावला. आता तो हिशेब त्याच्या मनगटावर आला. १९५२ च्या सुमारास फ्रेंच नौदलाच्या लढाऊ पाणबुड्यांची तुकडी उभारणारे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे दोन अधिकारी अशा घड्याळाच्या शोधात होते. काळी तबकडी, ठळक खुणा, अंधारात उजळणारे काटे आणि काचेभोवती फिरते कडे, ही त्यांची मागणी. स्विस कंपनी ब्लांपँ हिचे प्रमुख झाँ-झाक फिश्तेर स्वतः हौशी पाणबुडे होते आणि वेळेचे भान सुटल्याने पाण्याखाली हवा संपण्याचा प्रसंग त्यांच्यावरच ओढवला होता. या दोन गरजा जुळल्या आणि १९५३ मध्ये 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ तयार झाले. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. पुढच्या वर्षी, १९५४ मध्ये, रोलेक्सचे 'सबमरिनर' बाजारात आले.

यातील कळीचा भाग म्हणजे ते फिरते कडे, म्हणजेच बेझेल. बुडी मारताना कड्यावरील शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणावयाची; पुढे काटा कड्यावरील ज्या आकड्यावर असेल तितकी मिनिटे गेली. किती वाजले याच्याशी पाणबुड्याला कर्तव्य नसते. किती गेले, आणि म्हणून किती उरले, एवढेच त्यास हवे असते. पुढे हे कडे एकाच दिशेने फिरेल अशी योजना रूढ झाली. कारण असे की, खडकाचा धक्का लागून ते सरकले तरी गेलेली मिनिटे प्रत्यक्षाहून अधिकच दिसावीत, कमी दिसू नयेत. चूक झालीच तर ती जिवाच्या बाजूने व्हावी, हा विवेक त्या लहानशा कड्यात कोरलेला आहे.

या कथेचे पुढचे प्रकरण जपानमध्ये घडते, आणि त्याचा नायक एक तक्रारखोर ग्राहक आहे. सेइकोने १९६५ मध्ये १५० मीटरची हमी असलेले पहिले जपानी पाणबुडी घड्याळ काढले. १९६८ मध्ये हिरोशिमा प्रांतातील कुरे या गोदीच्या शहरातून एका व्यावसायिक पाणबुड्याचे पत्र कंपनीस आले. तीनशे मीटरहून खोल काम करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे घड्याळच नाही, असा त्याचा आशय होता. हे कामगार कित्येक दिवस दाबाखालील बंद कोठडीत राहून हेलियममिश्रित हवेवर जगत. हेलियमचे अणू इतके सूक्ष्म की ते रबरी गॅस्केटमधूनही घड्याळात शिरत; वर येताना बाहेरचा दाब उतरे, आतला वायू वेळेत निघत नसे आणि काच उडून जाई. स्विस कारखान्यांनी यावर वायू बाहेर सोडणारी झडप बसविली. सेइकोचे अभियंते इकुओ तोकुनागा यांनी वायू मुळात आतच येऊ नये असा मार्ग धरला. त्यासाठी सात वर्षे लागली, आणि त्यासाठी धातूही वेगळा निवडला गेला.

तो धातू म्हणजे टायटॅनियम. १७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील विल्यम ग्रेगर या पाद्र्यास ओढ्याच्या काळ्या वाळूत एका अज्ञात धातूचा माग लागला. १७९५ मध्ये जर्मन रसायनज्ञ क्लाप्रोट यांनी त्यास ग्रीक पुराणातील टायटनांचे नाव दिले. ज्या खनिजात हा धातू सापडला ते इल्मेनाइट आपल्या रत्नागिरी परिसरातील काळसर वाळूतही आहे. त्या किनाऱ्यांवर चाललेल्या कित्येकांच्या पायांना ते लागले असेल. सापडणे सोपे, सोडविणे कठीण, असा हा धातू. त्यास खनिजातून मोठ्या प्रमाणावर वेगळे करण्याची रीत विल्यम क्रोल यांनी सिद्ध करीपर्यंत १९४० साल उजाडले, आणि नंतरची कित्येक वर्षे तो मुख्यतः विमानांच्या कामी आला. त्याचे वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडेच अधिक. खारे पाणी त्यास गंजवू शकत नाही, कारण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो आणि खरचटला तरी पुन्हा धरतो. १९७० मध्ये सिटिझनने टायटॅनियमचे पहिले मनगटी घड्याळ काढले. सिटिझन म्हणजे तीच कंपनी, जिच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगलोरला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला; आमच्या पिढीच्या वडिलांच्या मनगटांशी तिचे असे दूरचे नाते आहे.

कुरेच्या पत्राला १९७५ मध्ये उत्तर मिळाले. ६०० मीटरची हमी असलेले ते घड्याळ टायटॅनियमचे जगातील पहिले पाणबुडी घड्याळ होते. त्याभोवती संरक्षक कवच होते. पट्ट्याला भात्यासारख्या घड्या होत्या. कारण खोल पाण्यात अंगावरील रबरी पोशाख दबून मनगट बारीक होते आणि साधा पट्टा सैल पडतो. रुंदी सुमारे ५१ मिलिमीटर. लोकांनी त्यास ट्यूना माशाच्या डब्याचे नाव दिले. ते कुरूप होते असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणू की त्यात उगाच ठेवलेले काही नव्हते.

१९८२ मध्ये आयडब्ल्यूसीने एफ. ए. पोर्शे यांच्या आरेखनातून २००० मीटरचे टायटॅनियम घड्याळ काढले. त्याच वर्षी अशा घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. आणि त्याच दशकात पाणबुड्यांचे संगणक बाजारात येऊन बुडीचा सारा हिशेब स्वतः करू लागले. मानक सिद्ध झाले आणि गरज ओसरू लागली. साहित्याच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये. ओवी जात्यावर घडली. जाते थांबल्यावरही ती उरली. मात्र दळणाचा ठेका विसरून लिहिलेली ओवी लगेच ओळखू येते. पाणबुडी घड्याळांचेही तसेच झाले. गरज गेल्यावर खोलीचे आकडे वाढत गेले, घड्याळे जाड होत गेली. हौशी पाणबुडे साधारणतः ४० मीटरच्या खाली जात नाहीत आणि आकडे मात्र हजारांत खेळू लागले. ठेका हरवला आणि आवाज चढला.

मध्यम आकाराचे टायटॅनियम घड्याळ आम्हांस महत्त्वाचे वाटते ते या पार्श्वभूमीवर. ट्यूडरच्या 'पेलागोस'चे उदाहरण घ्यावे. २०१२ मध्ये ते ४२ मिलिमीटरचे व ५०० मीटरचे होते. २०२२ मध्ये त्याचे ३९ मिलिमीटरचे, २०० मीटरचे भावंड आले. त्यात हेलियमची झडप नाही, तारीखही नाही. जे लागणार नाही ते काढून टाकण्याचे हे धाडस आहे.

आमच्या महिन्याचा अनुभवही सांगितला पाहिजे. टायटॅनियमचे घड्याळ पहिल्या दिवशी हलके, किंबहुना खोटे वाटते. वजन म्हणजे मोल हा संस्कार आपल्यात खोल आहे. चौथ्या दिवशी त्याचा विसर पडतो. पहाटे ते स्टीलसारखे गार लागत नाही, घामाने कातडीला खाज येत नाही, बाहीखाली ते निमूट सरकते. उणीवही आहे. या धातूवर ओरखडे लवकर उठतात, आणि बाकाच्या कडेने उठविलेला एक करडा ओरखडा आम्ही स्नेह्याला शरमेने दाखविला. ज्यास चकाकी जपावयाची आहे त्याने या वाटेस जाऊ नये.

परंतु खरा लाभ कड्याने दिला. आमच्या महाविद्यालयातील 'तास' अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे बरोबर दोन घटकांचा, एका मुहूर्ताचा असतो. वर्गात शिरताना आम्ही शून्य मिनिटकाट्यासमोर आणू लागलो. मग घड्याळ वेळ सांगेनासे झाले. आमच्या हाती असलेल्यातले किती गेले ते सांगू लागले. इतकी वर्षे आम्ही घंटेच्या भरवशावर शिकवीत होतो आणि कवितेचा शेवट दर वेळी घंटेखाली चिरडत होतो. त्या महिन्यात चार कविता पूर्ण झाल्या.

तेव्हा उमगले की पाण्याशी सर्वांत कडक वैर धरणारे हे यंत्र मुळात घटिकापात्राच्याच कुळातले आहे. दोन्ही दिवसाचा काळ मोजत नाहीत. एका आरंभापासून भरत चाललेला मोजका वेळ मोजतात. असे घड्याळ रोजच्या वापरासाठी घ्यावे का, असे कोणी विचारल्यास आम्ही होय म्हणू. मात्र त्याचे कडे फिरवावे. ते न फिरविणाऱ्यास दोनशे मीटर आणि दोन हजार मीटर सारखेच.