‘कॉलेज’ म्हणजे नेमकं काय? पाटीवरचा शब्द आणि त्यामागची मान्यता, प्रवेश घेण्याआधी समजून घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या स्टँडवर, बाजारपेठेत, पेट्रोल पंपासमोर फ्लेक्स झळकायला लागतात. ‘प्रवेश सुरू’, ‘शंभर टक्के नोकरीची हमी’, ‘मर्यादित जागा’ आणि या सगळ्याच्या वर मोठ्या अक्षरात एक शब्द : कॉलेज. पोराच्या शिक्षणासाठी कुणी सोयाबीन विकतो, कुणी सोसायटीचं कर्ज उचलतो, कुणी जनावर बाजारात नेतो. पण ज्या शब्दाच्या भरवशावर हे पैसे भरले जातात, त्या शब्दाचे अर्थ एक नाही, अनेक आहेत. ते माहीत असले तर फसगत टळते.

शब्द आला कुठून?

‘कॉलेज’ हा शब्द इंग्रजीत आला तो लॅटिन भाषेतल्या ‘कॉलेजियम’ या शब्दावरून. त्याचा मूळ अर्थ शिक्षणाशी जोडलेला नव्हता. एकाच कामासाठी एकत्र आलेल्या माणसांचा संघ, मंडळ, असा तो अर्थ. सोबत काम करणाऱ्याला इंग्रजीत ‘कलीग’ म्हणतात, तो शब्दही याच घरातला. टीव्हीच्या बातम्यांत सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांचं ‘कॉलेजियम’ ऐकू येतं, ते म्हणजे न्यायाधीशांच्या नेमणुकांची शिफारस करणारं मंडळ. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत ‘इलेक्टोरल कॉलेज’ असतं. आपल्या राष्ट्रपतींना निवडणाऱ्या आमदार-खासदारांच्या मंडळालाही इंग्रजीत हेच नाव आहे. मराठीत त्याला निर्वाचकगण म्हणतात.

देश बदलला की अर्थ बदलतो

इंग्लंडमध्ये सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ‘कॉलेजला आहे’ म्हणाला तर तो बहुतेक आपल्या अकरावी-बारावीच्या पातळीचं शिकत असतो. तिथलं प्रसिद्ध ईटन कॉलेज तर चक्क शाळा आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये विद्यार्थी कॉलेजात राहतो, शिकतो, पण पदवी मिळते विद्यापीठाची. अमेरिकेत बारावीनंतरच्या पदवी शिक्षणाला सरसकट कॉलेज म्हणतात, मग ते शिक्षण विद्यापीठात का चालू असेना.

आपल्याकडं कॉलेज कशाकशाला म्हणतात?

गावात ‘पोरगं कॉलेजला आहे’ एवढं म्हटलं की भागतं. कागदावर मात्र फरक पडतो.

ज्युनिअर कॉलेज : म्हणजे अकरावी-बारावी, सरकारी कागदावर कनिष्ठ महाविद्यालय. नाव कॉलेज असलं तरी हे शालेय शिक्षणातच मोडतं. परीक्षा राज्य मंडळाची, म्हणजे बोर्डाची. सीबीएसईच्या शाळांत अकरावी-बारावीला शाळाच म्हणतात. त्यामुळं देशपातळीवरच्या फॉर्ममध्ये बारावीच्या रकान्यात ‘हायर सेकंडरी’ किंवा ‘सीनियर सेकंडरी’ लिहिलेलं असतं. गोंधळून जायचं कारण नाही, ती आपली बारावीच.

सीनियर कॉलेज : म्हणजे वरिष्ठ महाविद्यालय. बीए, बीकॉम, बीएस्सी इथं होतं. कॉलेज शिकवतं, पण पदवी देतं ते विद्यापीठ. नांदेड जिल्ह्यातल्या अशा कॉलेजच्या पदवीवर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं नाव असतं, सोलापूर जिल्ह्यात अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाचं. खासगी कृषी कॉलेज असेल तर राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारपैकी एका कृषी विद्यापीठाचं. नर्सिंगची किंवा आयुर्वेदाची पदवी असेल तर साधारणपणे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं.

स्वायत्त कॉलेज : अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः ठरवतं, तरीही पदवी विद्यापीठाचीच असते.

पॉलिटेक्निक आणि आयटीआय : बोलताना यांनाही कॉलेजच म्हणतात. पॉलिटेक्निकमध्ये पदविका, म्हणजे डिप्लोमा मिळतो. आयटीआयमध्ये ट्रेडचं प्रमाणपत्र मिळतं. दोन्हींची किंमत चांगली आहे, पण ती पदवी नव्हे. ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ अशी अट असलेल्या जागेला नुसता डिप्लोमा चालत नाही.

नावावरून उलटंही होतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं मूळ 1821 साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत आहे. आज नाव कॉलेज असलं तरी ते 1990 पासून अभिमत विद्यापीठ आहे आणि स्वतः पदव्या देतं.

कायदा काय म्हणतो?

इथं खरी मेख आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या 1956 च्या कायद्यात दोन कलमं महत्त्वाची आहेत. कलम 22 नुसार पदवी फक्त कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था देऊ शकते. कलम 23 नुसार असा आधार नसलेल्या संस्थेला नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द लावता येत नाही. हे मोडलं तर कलम 24 मध्ये दंड आहे, पण तो जास्तीत जास्त एक हजार रुपये! काळ बदलला, फिया लाखात गेल्या, दंडाचा आकडा तिथंच आहे.

या कलमात ‘कॉलेज’ शब्दाला मात्र तसं संरक्षण नाही. म्हणून दोन खोल्या भाड्यानं घेऊन, चार कॉम्प्युटर मांडून कुणी ‘कॉलेज’ अशी पाटी लावली, तर नुसत्या पाटीवरून खरं-खोटं ओळखता येत नाही. पदवी देण्याचा अधिकार कायद्यानं बांधलेला आहे, ‘सर्टिफिकेट’ मात्र कुणीही छापू शकतो. नोकरीला, नोंदणीला ते चालेल का, हे त्यामागं कोणतं बोर्ड, विद्यापीठ किंवा कौन्सिल आहे यावर ठरतं. नर्सिंग, फार्मसीत तर कौन्सिलच्या मान्यतेशिवाय कोर्स केला तर नावाची नोंदणीच होत नाही. मग दोन-तीन वर्षं आणि फी, दोन्ही पाण्यात.

पैसे भरण्याआधी हे विचारा

1. शेवटी हातात काय मिळणार : पदवी, डिप्लोमा की प्रमाणपत्र? त्यावर नाव कुणाचं असणार?

2. कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे? ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ हे उत्तर म्हणजे आज मान्यता नाही. त्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर संलग्न कॉलेजांच्या यादीत नाव शोधा. कॉलेजला मान्यता असली तरी तुमच्या कोर्सला आहे का, हे वेगळं तपासा.

3. अकरावी असेल तर बोर्डाचा इंडेक्स नंबर आणि यू-डायस नंबर मागा. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन आहेत, त्या पोर्टलवर कॉलेजचं नाव दिसतं का ते पाहा. काही ठिकाणी मुलगा बसतो क्लासमध्ये आणि नाव असतं दुसऱ्याच कॉलेजात. नाव नेमकं कुठं आहे, ते लेखी घ्या.

4. महाडीबीटीवर त्या कॉलेजचं आणि कोर्सचं नाव येतं का? नाव येत नसेल तर तिथून शिष्यवृत्ती मिळणार नाही.

5. यूजीसी आपल्या वेबसाइटवर बनावट विद्यापीठांची यादी टाकते. ती एकदा नजरेखालून घाला.

फी रोख दिली तरी पावती घ्या. पावतीवर कॉलेजचं नाव आहे की भलत्याच ट्रस्टचं किंवा क्लासचं, ते वाचा. हे सगळं होईपर्यंत शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि मार्कशीट हातातून सोडू नका, झेरॉक्स द्या. मूळ कागद अडकले की दुसरीकडचा प्रवेशही अडकतो.

शेजारच्यानं सांगितलं, फ्लेक्सवर मोठे फोटो होते, एजंट घरी येऊन चहा पिऊन गेला, यातलं काहीच मान्यतेचा पुरावा नाही. बियाणं घेताना आपण पिशवीवरचं लेबल, लॉट नंबर, तारीख बघतो. कॉलेज निवडतानाही तेवढी चौकशी करावी. बियाणं फसलं तर एक हंगाम जातो, इथं पोराची वर्षं जातात.