पिकअप वाहन : भारमर्यादा व टायरदाब
पिकअप वाहनाची भारमर्यादा म्हणजे नोंदणीपत्रातील भरलेल्या वाहनाच्या कमाल वजनातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा करून उरणारा भार. त्यात माल, प्रवासी आणि मागाहून बसवलेले लोखंडी बंपरही मोजावे लागतात, ही बाब बहुधा दुर्लक्षिली जाते. दिल्ली परिसरात उन्हाळी व हिवाळी तापमानांत मोठी तफावत असते आणि दर १० अंश सेल्सिअसला टायरमधील दाब सुमारे दीड ते दोन पीएसआयने (प्रति चौरस इंच पौंड) बदलतो, म्हणून दाब टायर थंड असतानाच तपासावा. यमुनेकाठच्या वाळूत दाब उतरवल्यास टायरचा जमिनीशी स्पर्श वाढून पकड सुधारते, परंतु भारक्षमता घटते व वेगात टायर तापून फुटू शकतो. त्यामुळे असे वाहन सावकाश चालवावे आणि पक्क्या रस्त्यावर येताच उत्पादकाने सांगितलेला दाब पुन्हा भरावा.