वनस्पती तूप आणि निकेल उत्प्रेरक : सच्छिद्रतेच्या नियंत्रणाचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात कापड गिरण्यांची चर्चा विपुल झाली. वनस्पती तुपाच्या कारखान्यांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली व १९३२ मध्ये मुंबईतील शिवडी येथे उत्पादन सुरू झाले. पुढे ‘डालडा’ हे व्यापारी नाव वनस्पती तुपाचा पर्यायी शब्दच होऊन बसले. या तुपाचे गुणदोष ठरविण्यात उत्प्रेरकाच्या घडणीचा किती वाटा होता, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

पॉल साबात्ये व सांदरां यांनी १८९७ मध्ये निकेलच्या सान्निध्यात एथिलिनचे हायड्रोजनद्वारे क्षपण घडवून आणले. हीच क्रिया द्रव तेलांना लागू करून विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये तेल घट्ट करण्याचा मार्ग दाखविला. साबात्ये यांना १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

उत्प्रेरकाची घडण

निकेल क्षाराच्या द्रावणात डायाटमी माती मिसळून सोड्याने अवक्षेपण करावयाचे, अवक्षेप धुऊन वाळवावयाचा आणि सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला हायड्रोजनमध्ये त्याचे क्षपण करावयाचे, अशी ही रूढ पद्धत होय. तापमान अपुरे असल्यास निकेलचे क्षपण अर्धवट राहते. अधिक झाल्यास सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून क्रियाशील पृष्ठभाग घटतो.

छिद्रांचा आकारही निर्णायक ठरतो. तेलाचा रेणू मोठा असल्याने अतिअरुंद छिद्रांत तो शिरत नाही. जेमतेम शिरण्याजोग्या छिद्रांतून तो लवकर बाहेर पडत नाही व गरजेपेक्षा अधिक संपृक्त होतो. म्हणून रुंद छिद्रांचा उत्प्रेरक इष्ट मानला गेला. तथापि पृष्ठभागावर हायड्रोजन अपुरा पडला, तर अर्धवट क्रिया झालेले रेणू ट्रान्स रूप धारण करतात. ट्रान्स मेदाम्लांमुळे तुपास हवा तसा रवाळ घट्टपणा येत असे. त्यामुळे उद्योगाच्या दृष्टीने तो दोष नव्हता.

समारोप

१९९० नंतरच्या संशोधनाने ट्रान्स मेदाम्लांचा हृद्रोगाशी असलेला संबंध स्पष्ट केला. भारतात १ जानेवारी २०२२ पासून खाद्य तेले व मेदांतील त्यांची कमाल मर्यादा २ टक्के करण्यात आली. उत्प्रेरक अनेक दशके सुधारत राहिला. परंतु ‘चांगला उत्प्रेरक’ याचा अर्थ वेग, काटकसर व घट्टपणा एवढ्यापुरताच सीमित होता. निर्मितीच्या अटी ठरविताना उपभोक्त्याचे आरोग्य हाही एक निकष असावयास हवा होता, हेच या इतिहासाचे सार म्हणता येईल.