वस्तरा नाकारणारे हात

विधवांच्या केशवपनाचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा शास्त्रार्थाच्या अंगाने सांगितला जातो. विधवेची वेणी मेलेल्या पतीला बंधन होते, हे काशीखंडातले वचन चालीच्या समर्थकांचा मोठा आधार होता. उलट बाजूने, मनुस्मृतीत विधवेच्या वपनाची आज्ञाच नाही, असे सुधारक सांगत. पुढे पां. वा. काणे यांनीही या चालीला प्राचीन धर्मशास्त्राचा भक्कम आधार नसल्याचे साधार मांडले. वाद आवश्यक होता, पण त्याने किती बायकांचे केस वाचले याबद्दल मला शंका आहे. वपन ही श्रद्धा होती तितकेच ते एक काम होते. ते कुणाला तरी हातांनी करावे लागे, आणि एकदा करून संपत नसे. केस वाढले की धोकटी घेऊन न्हावी पुन्हा परसदारी येई, वाटीत पाणी घेई, वस्तरा परजी आणि समोर मान खाली घालून बसलेल्या बाईचे डोके पुन्हा गुळगुळीत करी. बालविधवेचे वपन पुष्कळदा ती न्हातीधुती होईपर्यंत लांबवत, पण एकदा सुरू झाले की ते मरेपर्यंत. पंधराव्या वर्षी, तिशीत, साठीत, आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर तिला तेच नव्याने सोसावे लागे. म्हणून या बायकांना खरा आधार कुणी दिला हे शोधायचे, तर पोथीइतकेच त्या हातांकडेही पाहायला हवे.

ते हात 1890 साली मुंबईत आखडले. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे वपन करायचे नाही असे ठरले. लोखंडे म्हणजे 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे गृहस्थ, त्यामुळे काम बंद ठेवण्यात केवढी ताकद असते हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. यामागे जोतीराव फुल्यांची शिकवण उघड दिसते. ब्राह्मण विधवांसाठी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढणाऱ्या जोतीरावांना या बायकांचे हाल जवळून माहीत होते. ज्या जातीला बलुतेदार म्हणून उंबऱ्याबाहेर उभे केले जाई, तिने उंबऱ्याआतल्या बाईची बाजू घ्यावी, ही मला त्या काळातली फार मोठी घटना वाटते.

यावर पहिला आक्षेप असा की या संपामागे न्हाव्यांचा स्वतःच्या जातीचा मान वाढवण्याचा हेतूही असणार. असेल. हलके आणि पापाचे मानलेले काम सोडण्यात आत्मसन्मान असतोच. पण रोजगारावर पाणी सोडून मिळवलेला आत्मसन्मान दुसऱ्याच्या दुःखाशी जोडला गेला तर तो कमी दर्जाचा ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संपाने चाल बंद पडली नाही. हे खरेच आहे. त्याच वर्षी हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून येऊ लागली आणि तिच्यातल्या यमूच्या वपनाने वाचक हादरले, ते वास्तव डोळ्यांसमोर होते म्हणूनच. तरीही संपाने एक गोष्ट उघड केली. जी चाल दैवी म्हणून सांगितली जात होती, ती एका माणसाच्या होकारावर चालत होती, आणि तो होकार काढून घेता येत होता.

मात्र वस्तरा थांबला तरी प्रश्न सुटत नव्हता. सकेशा विधवेच्या हातचे अन्न सोवळ्यात चालत नसे, श्राद्धाच्या स्वयंपाकाला तिला उभे करत नसत. म्हणजे केस राखायचे तर घरातली जागा गमवायची. त्यामुळे दुसरा आधार लागत होता तो छपराचा. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विवाह केला आणि 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला, तो पुढे हिंगण्याला गेला. पुनर्विवाह आणि शिक्षण हे मोठे प्रश्न असताना केसांचे काय एवढे, असे आजही कुणी विचारील. पण 1856 च्या कायद्याने पुनर्विवाहाची वाट मोकळी केली होती, आणि मुंडण केलेली, आलवण नेसलेली बाई त्या वाटेवर पाऊल तरी कशी टाकणार? वपनाने तिच्या पुढच्या सगळ्या शक्यता चारचौघांसमोर मिटवल्या जात. गोदूबाईंच्या बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत. त्यांनी पुढे विचारपूर्वक वपन सोडले, केस राखले आणि त्याबद्दलची निंदा सोसली. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात वपनाविषयी त्या स्वतः बोलतात, तेव्हा पोथी आणि सुधारक दोघेही बाजूला होतात आणि जिचे डोके तिचे मत ऐकू येते.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितले. त्यात बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे यांचा उल्लेख होता. वपनाचा उल्लेख करायची गरज उरलेली नव्हती. हा फरक का पडला याचा विचार व्हायला हवा. वपनासाठी घराबाहेरचा माणूस बोलवावा लागे, तो नाही म्हणू शकला. बांगड्या मात्र नात्यातल्या बायकाच फोडतात, कुंकू त्याच पुसतात, आणि त्यांच्या नकाराला पाठबळ देणारी, न्हाव्यांच्या त्या सभेसारखी सभा अजून फारशी कुठे भरलेली नाही.