शाहू जयंती सणासारखी साजरी करायचं पहिल्यांदा कुणी ठरवलं?

26 जून जवळ आला की कोल्हापुरात दसरा चौकातल्या पुतळ्याची स्वच्छता सुरू होते, मंडप पडतात, शाळांना मिरवणुकीचे निरोप जातात. ‘शाहूनगरी’ हा शब्द त्या आठवड्यात प्रत्येक फलकावर दिसतो. चांगलंच आहे. पण हा दिवस सण म्हणून पाळावा, ही मागणी मुळात कुणी केली, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

21 आणि 22 मार्च 1920 ला माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, वय अवघं 28. स्वतः शाहू महाराज तिथं गेले आणि ‘तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला’ अशा अर्थाचं बोलले. हे आपण भाषणात नेहमी ऐकतो. पण त्याच परिषदेत एक ठरावही झाला. महाराजांनी आपल्या राज्यात बहिष्कृतांना समानतेचे हक्क दिले, त्याबद्दल आभार, आणि त्यांचा जन्मदिवस सणाप्रमाणे साजरा व्हावा, असा त्याचा आशय होता.

म्हणजे बघा, महाराज हयात असताना ही मागणी आली, आणि ती आली गावकुसाबाहेरच्या माणसांकडून. त्यांनी कारणही ठरावातच सांगून ठेवलं: हक्क.

आता हे हक्क म्हणजे नेमकं काय, तेही बघू. 1894 ला महाराज गादीवर आले तेव्हा दरबारातल्या 71 अधिकाऱ्यांपैकी 60 एकाच जातीचे होते. 26 जुलै 1902 ला करवीर गॅझेटात हुकूम निघाला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. त्या वेळी महाराज विलायतेत होते. या हुकुमातली मला सर्वांत आवडणारी ओळ मात्र कुणी फारशी सांगत नाही. प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवायचा! हुकूम काढून महाराज गप्प बसले नाहीत, हिशेब मागितला.

1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा कायदा झाला. 1919 ला विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, सरकारी इमारती अशा सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव पाळायला बंदी आली. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती पोरं सगळ्यांच्या शाळेत बसवली.

काही जण विचारतात, महाराज जात मोडायला निघाले होते, मग जातवार बोर्डिंगं कशाला काढली? प्रश्न रास्त आहे. उत्तर इतिहासातच आहे. 1896 ला सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं होतं. काही वर्षांत तिथं एकाच जातीची मुलं उरली. तेव्हा महाराजांनी व्यवहार बघितला. 1901 ला मराठा आणि जैन, 1906 ला मुस्लिम, 1908 ला अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, पुढं शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती... खेड्यातल्या पोराला शहरात निजायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं, तरच तो शाळेच्या बाकावर पोहोचणार होता. ‘विविधता’ हा शब्द आज फार सैल वापरतात. कोल्हापुरात ती इमारतींच्या रूपात उभी आहे, दसरा चौकातून चालत जाऊन बघता येते.

आणि गंगाराम कांबळे. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेला माणूस. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः गाडी थांबवून, चारचौघांत तिथला चहा घेऊ लागले. सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावला. कायदा कागदावर होता, पण लोकांच्या मनातला विटाळ घालवायला तो कपच कामी आला. महाराज गेल्यावर नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभारायला पुढं झाले ते हेच गंगाराम.

6 मे 2022 ला, शंभराव्या स्मृतिदिनी, सकाळी 10 वाजता अख्खं कोल्हापूर 100 सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभं राहिलं. अभिमान वाटला होता. पुढच्याच वर्षी, 7 जून 2023 ला, मोबाईलवरच्या स्टेटसवरून याच शहरात दगड भिरकावले गेले, दुकानं फुटली, इंटरनेट बंद करावं लागलं. जयंती तेव्हा 19 दिवसांवर होती. ही दोन्ही कोल्हापुरं आपलीच आहेत, दुसरं बाहेरनं आलं म्हणून हात झटकता येणार नाहीत.

म्हणून या 26 जूनला माझं एवढंच म्हणणं आहे. मिरवणूक काढाच, लेझीम खेळाच. पण प्रत्येक शाळेत 1902 चा आणि 1919 चा हुकूम मोठ्यानं वाचून दाखवा, पाचवीच्या पोरांना कळेल असा. आणि महापालिकेनं, जिल्हा परिषदेनं आपल्याकडच्या राखीव जागा किती भरल्या, किती रिकाम्या आहेत, याचा तक्ता त्या दिवशी चौकात लावावा. महाराज तो दर तीन महिन्यांनी मागत होते, आपण वर्षातनं एकदा तरी मागूया.

तुमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाला हे विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.