गोवा : केंद्रशासित प्रदेश ते घटकराज्य

३० मे १९८७ रोजी गोवा भारतीय संघराज्यातील पंचविसावे राज्य झाले. पोर्तुगीज राजवटीचा अंत १९ डिसेंबर १९६१ रोजी झाला होता. म्हणजे मुक्तीनंतर घटकराज्याचा दर्जा मिळण्यास पंचवीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. राज्यघटनेच्या दृष्टीने ही वाट तशी सोपी आहे. अनुच्छेद ३ अन्वये संसद साध्या कायद्याने, साध्या बहुमताने नवे राज्य निर्माण करू शकते. अवघड असतात ते त्याआधीचे प्रश्न. हा प्रदेश स्वतंत्र राहणार की शेजाऱ्यात मिसळणार, आणि राहिला तर त्याची भाषा कोणती? या दोन प्रश्नांवर गोव्याची अडीच दशके खर्ची पडली.

१९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. १९६३ च्या कायद्याने त्याला तीस निर्वाचित सदस्यांची विधानसभा मिळाली. त्यांपैकी अठ्ठावीस गोव्याचे आणि दमण व दीवचा प्रत्येकी एक. मात्र ही सत्ता अपुरी होती. नायब राज्यपाल आणि मंत्रिमंडळ यांच्यात मतभेद झाल्यास अंतिम शब्द राष्ट्रपतींचा, म्हणजे व्यवहारात केंद्रीय गृहमंत्रालयाचा. राज्यसभेत गोव्याला प्रतिनिधीच नव्हता.

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाचा विलीनीकरणाला कडवा विरोध होता. अखेर केंद्राने जनमत कौल घेण्याचे ठरविले. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व राष्ट्रपती राजवट लागू झाली. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित प्रदेशासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० तर विरोधात १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाला विलीनीकरणाविषयी अशा रीतीने थेट विचारल्याचे उदाहरण विरळाच.

या कौलातील एक गोष्ट मात्र सहसा दुर्लक्षित राहते. घटकराज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. ‘दोन पाने’ निवडणाऱ्या मतदाराने विलीनीकरण नाकारले, पण त्याच्या पदरी पडली ती जैसे थे अवस्था. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत मतदारांनी पुन्हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच सत्ता दिली. त्या पक्षामागे बहुजन समाजाच्या ज्या आकांक्षा उभ्या होत्या, त्या केवळ विलीनीकरणापुरत्या मर्यादित नव्हत्या, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

विलीनीकरणाचा प्रश्न मिटला तरी भाषेचा उरलाच. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद गोव्यात केवळ भाषाशास्त्रज्ञांपुरता कधीच नव्हता. देवळातील कीर्तन, नाटक, प्राथमिक शाळा आणि वृत्तपत्र यांतून मराठी गोमंतकीय हिंदू समाजाच्या जीवनात रुजलेली. तर घरात व बाजारात हिंदू आणि ख्रिस्ती दोघांच्याही तोंडी कोकणी. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. राजभाषेसाठीचे आंदोलन १९८५ नंतर पेटले, डिसेंबर १९८६ मध्ये त्याला हिंसक वळण लागले आणि माणसे प्राणास मुकली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने राजभाषा कायदा संमत केला. देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरली; मराठीचा वापर सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी करण्याची तरतूद त्याच कायद्यात ठेवण्यात आली. दोन्ही बाजूंना थोडे थोडे देणारी ही तडजोड होती आणि तिने दोन्ही बाजूंचे पूर्ण समाधान झाले नाही. मराठीला समान दर्जा हवा असणारे नाराज राहिले, तसेच रोमी लिपीत कोकणी लिहिणारेही. तरीही पुढच्या चार महिन्यांच्या आत राज्याची घोषणा झाली, हा क्रम पुरेसा बोलका आहे.

आकाराचा आक्षेप होताच. ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि १९८१ च्या जनगणनेनुसार सुमारे दहा लाख लोकवस्ती असलेला प्रदेश स्वतःचा कारभार पेलू शकेल काय? केंद्राचे थेट साहाय्य जाऊन वित्त आयोगाच्या वाट्यावर आणि स्वतःच्या करांवर राज्य चालवावे लागणार होते. व्यवहारात काही व्यवस्था सामायिकच राहिल्या. गोव्याला स्वतंत्र उच्च न्यायालय नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेथे आहे. भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारीही अरुणाचल, मिझोराम व केंद्रशासित प्रदेशांच्या संयुक्त श्रेणीतून येतात. छपन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३७१-झ विशेष दर्जासारखा भासतो. प्रत्यक्षात तो विधानसभेत तीसपेक्षा कमी सदस्य नसावेत एवढेच सांगतो.

नव्या विधानसभेत चाळीस जागा करण्यात आल्या. एवढ्या लहान सभागृहात चार-सहा आमदार इकडचे तिकडे गेले की सरकार कोसळते, याचा प्रत्यय १९९० पासूनच्या दशकात गोव्याने वारंवार घेतला. चर्चिल आलेमाव यांचे मंत्रिमंडळ तर १९९० मध्ये जेमतेम अडीच आठवडे टिकले.

या सगळ्यात दमण व दीव मागे राहिले. चार शतकांहून अधिक काळ एकाच पोर्तुगीज सत्तेखाली राहिलेले, पण गुजरातच्या किनाऱ्यालगतचे आणि गुजराती बोलणारे हे दोन तुकडे १९८७ मध्ये गोव्यापासून वेगळे करण्यात आले. गोव्याला राज्य मिळाले, त्याच दिवशी त्यांनी विधानसभेतील आपल्या दोन जागा गमावल्या आणि ते विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश बनले. २६ जानेवारी २०२० रोजी त्यांचे दादरा व नगर हवेलीशी एकत्रीकरण झाले. विधानसभा मात्र त्या नव्या प्रदेशालाही मिळाली नाही.