असीरगडाखालची वाट

बऱ्हाणपूरहून खांडव्याकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर असीरगड दिसतो. त्याच्या पायथ्याशी सातपुडा वाट देतो. जुन्या रस्त्याचा प्रत्येक हात आज डांबराखाली दाखवता येणार नाही, पण खिंड तीच आहे. सुरतेहून नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी खानदेशातून येणारी वाट बऱ्हाणपूरला पोचे आणि इथून जंगलात शिरून नर्मदेकडे, पुढे आग्र्याला जाई. 1601 मध्ये अकबराने गड घेतला, तो या नाक्यासाठीही.

या वाटेवरचा एक हिवाळा दोन कागदांत सापडतो. इंग्रज कंपनीचा नोकर पीटर मुंडी नोव्हेंबर 1630 मध्ये सुरतेहून निघाला आणि जानेवारीच्या सुरुवातीला आग्र्याला पोचला. दुष्काळ पडला होता. नंदुरबारला प्रेतं इतकी की तंबू ठोकायला जागा मिळेना. पुढे माळव्याकडून बादशाही छावणीसाठी रसद घेऊन येणारे बंजाऱ्यांचे बैल त्याला भेटले. ती छावणी बऱ्हाणपुरातच होती. बंडखोर सरदार खान जहान लोदीवरच्या मोहिमेसाठी शाहजहान तिथे मुक्कामाला होता.

दुसरा कागद दरबारी. शाहजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याच्या पादशाहनाम्यात दुष्काळ लपवलेला नाही. बऱ्हाणपुरात लंगरं उघडली, दर सोमवारी 5,000 रुपये वाटले, वीस सोमवारांत 1 लाख, असा हिशेब तो देतो. आकडा खोटा मानायचं कारण मला दिसत नाही. पण बाजारात दाणाच नसेल तर रुपया काय विकत घेणार? लाहोरी खर्च मोजतो, वाटेवरचे बैल मोजत नाही. ते मुंडीकडून कळतात. मुंडी परका व्यापारी, त्याचं लक्ष भावाकडे आणि ओझ्याकडे. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवावे लागतात.

17 जून 1631 रोजी मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली. तापीपलीकडे जैनाबादला तिला तात्पुरतं पुरलं. डिसेंबरात शाहजादा शुजा देह घेऊन आग्र्याला निघाला. मुक्काम-दर-मुक्काम नोंद नाही, तरी उत्तरेची सरळ वाट असीरगडाखालूनच जाते, त्यामुळे ती मिरवणूक इथूनच गेली असावी. वाटेत रोज गरिबांना अन्न आणि नाणी वाटली, असं लाहोरी लिहितो. या खेपेलाही अन्नाचा उल्लेख नाण्यांच्या आधी येतो.